जुन्या वर्डप्रोसेसरच्या फाईल नव्या संगणकावर कशा उघडाव्यात?

बोरू
सीडींवरून उतरवलेला एक फोल्डर आहे. साडेतीनशेच्या आसपास फाईल, १९८९ ते २००३ या काळातल्या. संगणक नवा, विंडोज ११, वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्ही आहेत. अडचणी अशा:

काही .डॉक फाईलना वर्ड "हा प्रकार ब्लॉक केलेला आहे" म्हणून सरळ नकार देतं. काही .डॉक उघडतात, पण आत नुसती गिचमिड. काहींना एक्स्टेंशनच नाही, किंवा .००१, .एलटीआर असलं काहीतरी आहे. थोड्या .डब्ल्यूपीएस आणि .डब्ल्यूआरआय आहेत. आणि मराठीतल्या बऱ्याच फाईल नीट उघडतात, परिच्छेद, तक्ते सगळं जागच्या जागी दिसतं, फक्त अक्षरं मराठी नाहीत, रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आहे.

सुरुवात कुठून करावी?

फडताळ
लिब्रेऑफिसमध्ये उघडा, .डॉकएक्स म्हणून सेव्ह करा. नव्वद टक्के काम तिथेच संपतं.

तळटीप
फडताळ, लिब्रेऑफिस बरोबर आहे, पण ती दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे मूळ फाईलना हात न लावणं. पूर्ण फोल्डरची प्रत करा, मूळ फोल्डर 'रीड-ओन्ली' करा आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवरच करा. एक्सप्लोररमधून कॉपी केल्यावर फाईल शेवटची बदलल्याची तारीख टिकते, पण निर्मितीची तारीख आजची पडते. म्हणून कॉपीच्या आधी नावं, आकार आणि तारखांची यादी एका मजकूर फाईलमध्ये काढून ठेवा. पत्रव्यवहार असेल तर ही यादीच पुढे उपयोगी पडते.

कारणही सांगतो. जुन्या पत्रांत तारीख बऱ्याचदा हाताने टाइप केलेली नसते, 'डेट' फील्ड घातलेलं असतं. वर्डमध्ये फाईल उघडली की ते फील्ड आजची तारीख दाखवतं. १९९७ चं पत्र आज लिहिल्यासारखं दिसतं, तुम्ही सेव्ह करता, पीडीएफ काढता आणि चुकीची तारीख कायमची बसते. ऑल्ट-एफ९ दाबलं की फील्डचे कोड दिसतात. तिथे 'डेट' दिसलं तर यादीतली तारीख बघून ती हाताने लिहा. 'क्रिएटडेट' किंवा 'सेव्हडेट' असेल तर फाईलच्या आतली नोंद वापरली जाते, पण 'सेव्हडेट' तुमच्या पहिल्या सेव्हनंतर बदलणारच.

शून्यबाइट
एक्स्टेंशनवर अजिबात विश्वास ठेवू नका. डॉसच्या काळात .डॉक हे नाव कुणाच्याच मालकीचं नव्हतं. वर्डस्टार, वर्डपरफेक्ट, डॉसवरचं वर्ड, सगळ्यांच्या फाईलना लोक .डॉक जोडायचे. फाईलची खरी ओळख तिच्या पहिल्या चार-आठ बाइटांत असते. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीत 'फॉरमॅट-हेक्स' आणि पुढे फाईलचं नाव दिलं की पहिल्याच ओळीत हे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, दिसतात:

डी० सीएफ ११ ई० : वर्ड ६, ९५, ९७ ते २००३. वर्क्सच्या पुढच्या आवृत्त्याही हेच वेष्टन वापरतात.
५० ४बी ०३ ०४ : झिप, म्हणजे .डॉकएक्स किंवा .ओडीटी. नाव .डॉक असलं तरी.
७बी ५सी ७२ ७४ ६६ : आरटीएफ.
एफएफ ५७ ५० ४३ : वर्डपरफेक्ट ५ आणि पुढचं. नोटपॅडमध्ये उघडलं तर पहिल्या चिन्हानंतर डब्ल्यूपीसी ही अक्षरं दिसतात.
डीबी ए५ : विंडोजचं वर्ड २. ९बी ए५ असेल तर वर्ड १.
३१ बीई : डॉसचं वर्ड किंवा विंडोज राइट, म्हणजे तुमच्या .डब्ल्यूआरआय. राइटमध्ये चित्र वगैरे घातलेलं असेल तर ३२ बीई.
१डी ७डी ०० ०० : वर्डस्टार ५ आणि पुढचं.

जुन्या वर्डस्टारला, म्हणजे ३ च्या काळातल्याला, अशी सही नाही. फाईल सरळ मजकुराने सुरू होते. ती दुसऱ्या खुणेने ओळखावी लागते.

साडेतीनशे फाईल एकेक करून बघायच्या नसतील तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचं 'ड्रॉइड' हे मोफत साधन आहे. फोल्डर दिला की प्रत्येक फाईलचा प्रकार आणि आवृत्ती तक्त्यात देतं, आणि नाव व आतला प्रकार जुळत नसेल तर तशी खूणही करतं.

निळीशाई
ब्लॉकबद्दल. फाईल → ऑप्शन्स → ट्रस्ट सेंटर → ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज → फाईल ब्लॉक सेटिंग्ज. तिथे 'वर्ड २ व आधीच्या', 'वर्ड ६', 'वर्ड ९५' अशा ओळी आहेत, प्रत्येकीपुढे 'ओपन' आणि 'सेव्ह' अशा दोन चौकटी. चौकटी काढून टाकू नका. खाली तीन पर्याय आहेत, त्यातला 'प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडा आणि संपादनाला मुभा द्या' हा निवडा. मग फाईल सुरक्षित खिडकीत उघडते आणि तिथून .डॉकएक्स म्हणून सेव्ह करता येते.

हा अडथळा उगाच घातलेला नाही. जुने प्रकार वाचणारा कोड जुना आहे आणि मुद्दाम बिघडवलेल्या फाईलने त्यात शिरकाव करता येतो. शिवाय १९९५ नंतरच्या .डॉकमध्ये मॅक्रोंतून, म्हणजे फाईलच्या आत साठवलेल्या छोट्या प्रोग्रामांतून, पसरणारे व्हायरस असणं अगदी नेहमीचं होतं. कन्सेप्ट १९९५ चा, मेलिसा १९९९ चा. तेव्हाच्या सीडीवर त्यांची पिलावळ अजून जशीच्या तशी पडलेली असते. मॅक्रो चालू करायचा प्रश्न आला की उत्तर नेहमी 'नाही'. मजकूर वाचायला मॅक्रो लागत नाही.

फडताळ
म्हणून तर लिब्रेऑफिस म्हणतोय. वर्ड १, वर्ड २, डॉसचं वर्ड, राइट, वर्क्स, वर्डपरफेक्ट ४ पासून पुढचं सगळं, लोटस वर्डप्रो, मॅकवरचं क्लॅरिसवर्क्स आणि मॅकराइट, जुन्या स्टारऑफिसच्या .एसडीडब्ल्यू, सगळ्यांचे फिल्टर, म्हणजे तो प्रकार वाचणारे भाग, त्यात आधीच आहेत. वेगळं काही बसवावं लागत नाही.

.डब्ल्यूपीएसबद्दल एक सावधगिरी: मायक्रोसॉफ्ट वर्क्स आणि डब्ल्यूपीएस ऑफिस, दोन्हींचं एक्स्टेंशन हेच आहे आणि आतला प्रकार वेगळा. २००३ पर्यंतच्या असतील तर बहुधा वर्क्सच्या.

शून्यबाइट
यादीत वर्डस्टार नाही, फडताळ. लिब्रेऑफिसमध्ये त्याचा फिल्टर नाही. बोरूंच्या एक्स्टेंशन नसलेल्या फाईल १९८९ च्या आसपासच्या असतील तर बऱ्याच वर्डस्टारच्याच निघतील.

बोरू
पहिले बाइट पाहिले. वर्डपरफेक्ट ४१, वर्ड २ च्या ६, राइटच्या ९, वर्क्सच्या १२, बाकी बहुतेक डी० सीएफ. सुमारे ६० फाईलना कुठलीच सही नाही. त्या नोटपॅडमध्ये उघडल्या तर इंग्रजी शब्द अर्धवट कळतात, प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर मात्र विचित्र चिन्ह आहे. मध्येच बिंदूने सुरू होणाऱ्या छोट्या ओळीही आहेत.

शून्यबाइट
हेच जुनं वर्डस्टार. आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरांना आकडे देणारा संकेत, सात बिटांत मावतो, आठवा बिट रिकामा असतो. वर्डस्टारने तो स्वतःच्या खुणेसाठी वापरला: शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू, म्हणजे त्या बाइटमध्ये १२८ मिळवलेले. इंग्रजी 'ई' हे अक्षर १०१, ते शब्दाच्या शेवटी २२९ होतं आणि नोटपॅडला तिथे स्वरचिन्ह लागलेलं भलतंच युरोपीय अक्षर दिसतं.

१२८ वजा केले की मजकूर मोकळा होतो, पण क्रम चुकला तर सगळे परिच्छेद मोडतात. वर्डस्टारमध्ये ओळ दोन प्रकारे संपते. टंकणाऱ्याने एंटर दाबलेलं असेल तर १३, १०. वर्डस्टारने आपोआप ओळ मोडली असेल तर १४१, १०. आधीच सरसकट १२८ वजा केले तर १४१ चे १३ होतात आणि खरा परिच्छेद कुठला, नुसती मोडलेली ओळ कुठली, हा फरक कायमचा पुसला जातो. म्हणून:

आधी ३१, १४१, १० ही तिन्ही सलग असतील तिथे काहीच ठेवू नका. ३१ ही ओळीच्या टोकाला शब्द तोडणारी जोडरेघ आहे, तो शब्द पुन्हा जुळला पाहिजे.
मग उरलेल्या प्रत्येक १४१, १० च्या जागी एक मोकळी जागा.
मग १६० च्या जागी मोकळी जागा. ओळ दोन्हीकडून सरळ दिसावी म्हणून वर्डस्टारने भरलेल्या या जागा.
त्यानंतर १२७ च्या वरच्या सगळ्या बाइटांतून १२८ वजा.
शेवटी लागोपाठच्या मोकळ्या जागा एक करा. तक्ते असलेल्या फाईलना मात्र ही शेवटची पायरी लावू नका, स्तंभ कोसळतील.

फाईलच्या अखेरीस २६ या बाइटची रांग असेल. १२८ चा गठ्ठा पूर्ण करायला घातलेली भर आहे, ती कापा. ठळक अक्षरांसाठी २, अधोरेखितासाठी १९, तिरप्यासाठी २५, हे बाइट मजकुराच्या आधी आणि नंतर जोडीने येतात. शैली जपायची असेल तर ते काढण्याआधी त्यांचं एचटीएमएल खुणांत रूपांतर करा. बिंदूच्या ओळी म्हणजे छपाईच्या आज्ञा: .पीए नवं पान, .ओपी पानाचा आकडा नको.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या पंधरा-वीस ओळींत हे सगळं बसतं. फाईल बायनरी म्हणून वाचा, मजकूर म्हणून नाही, नाहीतर ओळींच्या खुणा पायथॉन स्वतःच बदलून ठेवतं.

कानामात्रा
थांबा, १२८ वजा करण्याआधी एक गोष्ट तपासाच. त्या ६० मध्ये मराठी फाईल आहेत का?

त्या काळात डॉसवर मराठी संगणकात बसवलेल्या जिस्ट कार्डामुळे दिसायची आणि मजकूर इस्की संकेतात साठवला जायचा. भारतीय मानक आयएस १३१९४, १९९१ चं. इस्कीमध्ये खालचे १२८ आस्कीसारखेच, आणि देवनागरी अक्षरं १६१ ते २५० या वरच्या पट्ट्यात. तुम्ही आठवा बिट काढलात की प्रत्येक मराठी अक्षराचं रोमन अक्षर किंवा चिन्ह होतं, आणि मग मूळचं रोमन कुठलं आणि मराठीचं झालेलं कुठलं हे सांगता येत नाही. ते नुकसान भरून येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. शब्दाचा फक्त शेवटचा बाइट १२७ च्या वर असेल तर वर्डस्टार. शब्दातले झाडून सगळे बाइट १६० च्या वर असतील तर इस्की.

इस्कीचं युनिकोड, म्हणजे आजचा सार्वत्रिक अक्षरसंकेत, करायला वेगळं साधन लागत नाही. विंडोजमध्ये इस्की देवनागरीचं कोडपेज, म्हणजे संकेताचा तक्ता, ५७००२ आहे. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मधून फाईलचे बाइट वाचा, ५७००२ या एन्कोडिंगने त्यांचा मजकूर करा आणि यूटीएफ-८ मध्ये लिहा. इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात, त्यामुळे ऱ्हस्व इकार, रफार यांचा गोंधळ होत नाही. मराठीच्या जुन्या फाईलींत त्यातल्या त्यात बरा प्रकार हाच.

शून्यबाइट
कानामात्रा, बरोबर, हे मी आधीच लिहायला हवं होतं. बोरू, आधी वर्गवारी, मगच बिट काढा.

बोरू
६० पैकी १४ मध्ये जवळजवळ सगळेच बाइट १६० च्या वर आहेत. पण माझ्या पहिल्या प्रश्नातल्या मराठी फाईल या नव्हेत. त्या वर्डच्या आहेत, उघडतात, फक्त अक्षरं रोमन.

कानामात्रा
तो प्रश्न फाईलच्या प्रकाराचा नाहीच, फॉन्टचा आहे. वर्डने फाईल अगदी बरोबर वाचलेली आहे. आत खरोखरच रोमन अक्षरं आहेत, आणि कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेचे डीव्हीबी-टीटी योगेश असे फॉन्ट त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार रंगवतात. कृतीदेवमध्ये 'भारत' हा शब्द एच, के, के, जे, आर असा साठवलेला असतो. फॉन्ट नसेल तर तेच दिसणार.

नुसतं वाचायचं आणि छापायचं असेल तर तो फॉन्ट बसवा, काम झालं. कुठला फॉन्ट हवा ते कळायला मजकुरावर कर्सर ठेवा, फॉन्टच्या चौकटीत मूळ नाव दिसतं, फॉन्ट संगणकावर नसला तरी. नाव पूर्ण लिहून घ्या. डीव्ही-टीटी, डीव्हीबी-टीटी, डीव्हीबीडब्ल्यू-टीटी या सारख्या दिसणाऱ्या नावांमागची मांडणी एक नाही, आणि चुकीचा तक्ता लावला की ऐंशी टक्के अक्षरं बरोबर आणि वीस टक्के भलतीच येतात. ती वीस टक्के शोधणं फार त्रासाचं.

शोधता येईल, दुसरीकडे चिकटवता येईल असा मजकूर हवा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करावंच लागतं. ते नुसतं अक्षराला अक्षर नाही. या फॉन्टांत अक्षरं दिसण्याच्या क्रमाने टंकलेली असतात. 'स्थिती' मध्ये पहिली वेलांटी आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये ती वेलांटी अख्ख्या जोडाक्षरानंतर हवी. फक्त पुढच्या एका चिन्हापलीकडे ढकलणारा परिवर्तक इथे वेलांटी 'स्' आणि 'थ' च्या मध्ये घुसवतो. रफार याच्या उलट. 'धर्म' मध्ये तो म नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त म च्या आधी जातात. 'आर्थिक' मध्ये दोन्ही एकत्र येतात. म्हणून परिवर्तक पारखताना हे तीन शब्द आधी द्या. आणि चौथा 'सुधारणाऱ्या', कारण हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या परिवर्तकांत चंद्रकोरीसारखा ऱ्य हमखास बिघडतो.

अनुस्वार
दोन गोष्टी त्यात भर.

एक, चौकोन. वर्डमधून मजकूर उचलून परिवर्तकात टाकला आणि रोमन अक्षरांऐवजी रिकामे चौकोन आले, तर फॉन्ट 'सिम्बॉल' प्रकारचा आहे. असे फॉन्ट वापरले की वर्ड अक्षरांचे क्रमांक युनिकोडच्या खाजगी पट्ट्यात, एफ००० च्या पुढे ढकलतं. प्रत्येक क्रमांकातून ६१४४० वजा करा, मूळ संकेत मिळतो, मग परिवर्तक चालतो.

दोन, मिश्र मजकूर. पत्रात मराठी कृतीदेवमध्ये आणि पत्ता, ईमेल, आकडे दुसऱ्या फॉन्टमध्ये असतात. सगळं एकदम परिवर्तकात टाकलं की इंग्रजी नावाचंही 'मराठी' होतं. वर्डच्या शोधा-बदला मध्ये फॉरमॅट → फॉन्ट निवडून फक्त कृतीदेवचेच तुकडे पकडा, किंवा .डॉकएक्स करून मॅक्रोने फॉन्टनिहाय तुकडे घ्या. ठळक, अधोरेखित हेही मग टिकतं.

निळीशाई
आणि रूपांतराआधी मूळ फॉन्टमध्येच दुरुस्ती करायला बसणार असाल तर ऑटोकरेक्ट आधी बंद करा. वाक्याच्या सुरुवातीचं अक्षर मोठं करायची सोय कृतीदेवमध्ये 'क' चा 'क्' करून टाकते, कारण तिथे छोटं डी म्हणजे क आणि मोठं डी म्हणजे क्. सरळ अवतरणचिन्हं वळणदार करण्याची सोयही तशीच घातक.

फडताळ
गठ्ठ्याने रूपांतर करायचं तर लिब्रेऑफिस कमांडवरून चालतं: सॉफिस, मग --हेडलेस --कन्व्हर्ट-टू ओडीटी --आउटडिर आणि फोल्डर, शेवटी फाईल. लिब्रेऑफिसची खिडकी आधीच उघडी असेल तर ही आज्ञा काहीच न करता, चूक न सांगता संपू शकते, तेव्हा ती बंद करा. आणि 'पत्र.डॉक' व 'पत्र.डब्ल्यूपीडी' दोन्ही असतील तर दोघांचंही 'पत्र.ओडीटी' होतं, दुसरी पहिलीवर बसते. प्रकारानुसार वेगळे फोल्डर करा.

तळटीप
हे झाल्यावर फाईलींची संख्या मोजा. आत किती गेल्या, बाहेर किती आल्या.

.ओडीटी की .डॉकएक्स हा वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही खुले मानक आहेत. त्यासोबत पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ, प्रतही काढा, म्हणजे पान कसं दिसत होतं त्याची नोंद राहते. कृतीदेवच्या फाईलची पीडीएफ मात्र शोधता येत नाही, दिसायला मराठी असली तरी आत रोमनच. पानांची संख्या मूळ छापील प्रतीशी जुळली नाही तर घाबरू नका. जुनं वर्ड ओळी कुठे मोडायच्या हे छपाईयंत्राच्या मापांवरून ठरवायचं, ते यंत्र आता नाही.

सूत्रधार
गणिताची सूत्रं असलेल्या फाईल कुणी विचारल्या नाहीत, तरी सांगतो. सूत्रं लिहायचं जुनं साधन, इक्वेशन एडिटर ३.०, जानेवारी २०१८ च्या सुरक्षा अपडेटमध्ये ऑफिसमधून काढला गेला. जुनी सूत्रं वर्डमध्ये चित्रासारखी दिसतात, बदलता येत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स → ऑप्शन्स → लोड/सेव्ह → मायक्रोसॉफ्ट ऑफिस इथे 'मॅथटाइप'ची खूण करून फाईल उघडली की ती संपादता येणारी होतात. ग्रीक अक्षरं आणि मोठे कंस नजरेखालून घाला.

बोरू
हिशेब देतो. वर्डपरफेक्ट, वर्क्स, राइट लिब्रेऑफिसमध्ये एका दमात झाल्या. वर्ड २ च्या सहाही तिथेच उघडल्या, वर्डच्या सेटिंग्जना हात लावावा लागला नाही. वर्डस्टारच्या ४६ शून्यबाइट यांच्या क्रमाने सुटल्या, परिच्छेद शाबूत. इस्कीच्या १४ पैकी १३ वाचता येतात. चौदाव्या फाईलचा आकार ११ केबी दिसतो, पण हेक्समध्ये पहिल्या चार ओळींनंतर शेवटपर्यंत शून्यच. मी बाइट मोजण्यात चुकलो का?

शून्यबाइट
नाही. सलग शून्य म्हणजे मजकूर सीडीवर येण्याआधीच गेलेला होता, फ्लॉपीवरून अर्धवट उतरलेली फाईल अशीच दिसते. कुठलाही फिल्टर ती उघडू शकणार नाही. मूळ फ्लॉपी असेल तर लेखन-संरक्षणाची खिडकी आरपार दिसेल अशी सरकवा, 'फॉरमॅट करायचं का' या प्रश्नाला नाही म्हणा आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा. यूएसबी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची वाचतात.

त्याआधी फोल्डरमध्ये त्याच नावाची .बीएके शोधा. वर्डस्टार प्रत्येक सेव्हला आधीची आवृत्ती त्या नावाने ठेवायचं, आणि वर्गवारी करताना लोक ती निरुपयोगी म्हणून बाजूला काढतात.

बोरू
.बीएके आहे. नऊ केबी, सगळे बाइट १६० च्या वर. ५७००२ ने वाचली, 'श्री' पासून सहीपर्यंत मजकूर पूर्ण आहे. मात्र ती मूळ फाईलच्या आधीची आवृत्ती, तेव्हा वाचलेल्या चार ओळी तिच्याशी ताडून बघतो.